ब्लँक उद्या नक्की

२ मार्च

माझे सर फार वर्षांपूर्वी म्हणाले होते, तुझा हात चांगला आहे, पण डोळा फार लवकर खूश होतो. वाक्याचा पहिला अर्धा भाग मी तेव्हाच घेतला आणि आजवर जपून वापरते आहे. दुसरा अर्धा त्यांनी चहा गार झाल्याच्या रागात म्हटला असावा.

आज टेकडी आली! नवऱ्याला समजावलं तसंच इथे लिहिते, कारण समजावताना मलाच फार छान वाटलं. काचेच्या छोट्या भांड्यात, म्हणजे आमच्या सेलमध्ये, खाली जड, तेलासारखा द्रव आणि वर पाणी. दोघं मिसळत नाहीत. जिथे टेकतात तिथून विद्युतभार पलीकडे गेला, की पडद्यावरच्या रेषेत टेकडी उमटते. माझ्या विद्यार्थिनीने भार पलीकडे नेणारा एक रेणू बनवलाय. नावाडीच म्हणा. त्याच्यासाठी ती वर्षानुवर्षं खपते आहे आणि रेषा आपली सपाट. आज मी स्वतः सेल धुतली, पुसली, जोडली. आणि टेकडी.

विद्यार्थिनी (मनातल्या मनात मी तिला शंकाबाई म्हणते) म्हणाली, मॅडम, ब्लँक घेऊ या ना. म्हणजे सगळं तेच, फक्त तिचा रेणू घालायचा नाही. तरीही टेकडी आली, तर ती दुसऱ्याच कशाची तरी.

म्हटलं, घेऊ की. उद्या.

३ मार्च

ब्लँक राहिला. आधी विभागाच्या हेडना बातमी द्यायला गेले. ते म्हणाले, अरे वा मॅडम, आणि ब्लँक? मी म्हटलं, चालू आहे. विचार चालू आहेच, त्यामुळे हे खोटं नाही. बाहेर जिना उतरायचा, तो एक मजला वर चढून गेले. नाश्ता केला नव्हता म्हणून.

७ मार्च, दुपार

टेकडी रोज येते. अगदी शहाण्या मुलीसारखी, त्याच जागी.

तक्रार: ओव्हन अजून दुरुस्त नाही. काच वाळवायला मी घरून नॅपकिन आणते. टिश्यूचे तंतू चिकटतात, आमचे नॅपकिन मात्र लोण्यासारखे मऊ. धुणं नवऱ्याकडे असतं आणि हल्ली त्याच्या हाताला काय गुण आलाय कोण जाणे, टॉवेलसुद्धा फुलासारखे निघतात. शंकाबाई म्हणाली, मॅडम, सेल आतून पुसायची असते का? मी म्हटलं, स्वच्छतेत तडजोड नाही.

ब्लँक: आज विजेचा दाब कमीजास्त होत होता. अशा दिवशी घेणं शास्त्राला धरून नाही.

१० मार्च

निश्चय: सोमवारी ब्लँक. लिहून ठेवलं म्हणजे झालंच.

मला भीती वाटत नाही. फक्त मेल उघडताना डावा डोळा मिटून घ्यावासा वाटतो.

१२ मार्च

सोमवार फार घाईत गेला. दुपारी खुर्चीतच डुलकी लागली. स्वप्नात शंकाबाईच्या प्रबंधाचे परीक्षक म्हणाले, ब्लँक दाखवा. मी पर्स उघडली, तर पर्स काठोकाठ पाण्याने भरलेली. दचकून उठले, आधी पर्समध्ये हात घालून पाहिला, मग घरी फोन लावला. नवऱ्याने फोनवर विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, कामाचा उत्साह.

१६ मार्च

काल रजेवर होते. शंकाबाईने एकटीने सेल लावली. रेणू घालून. रेषा सपाट. पुन्हा लावली, पुन्हा सपाट. आज मी आले, धुतली, पुसली, लावली. टेकडी हजर!

याचा अर्थ उघड आहे. मी तिला प्रेमाने सांगितलं, हात लागतो गं. कुणाकुणाच्या हाताला गुण असतो. तुझ्याही येईल हळूहळू. ती स्वतःच्या बोटांकडे बघत बसली.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मग आता तुझ्या हाताचं पेटंट घे. असे टोमणे मी मनावर घेत नाही.

२० मार्च

दुसरा पुरावा! ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर तेलद्रवाचा पातळ लेप दिला, त्यात तिचा रेणू, आणि तो पाण्यात बुडवला. लेप देण्याआधी इलेक्ट्रोड मीच नॅपकिनने हळूच टिपला होता, तान्ह्या बाळाचं नाक टिपावं तसा. तीच टेकडी, त्याच जागी. दोन वेगवेगळे साक्षीदार एकच सांगतायत. आता ब्लँक म्हणजे निव्वळ उपचार.

तरी घेणार. उपचारही पाळावेत.

२४ मार्च

हेड म्हणाले, परीक्षक प्रबंध वाचतीलच, शिवाय त्यांना प्रयोग डोळ्यांसमोर बघायचाय. पुढच्याच महिन्यात. मी म्हटलं, आनंदच आहे. जागेवर येऊन बसले. फोन वाजला. तो मी फायलींखाली सरकवला आणि वाजायचा थांबेपर्यंत फायलींकडे पाहिलं नाही. फोन आईचा होता. तिला फक्त माझ्या गुडघ्याची चौकशी करायची होती.

२६ मार्च

एक गोष्ट आवडली नाही. शंकाबाई आता पाणीसुद्धा स्वतः मोजत नाही. म्हणते, मॅडम, तुम्हीच घाला, माझ्या हाताने बिघडेल. पूर्वी माझ्याशी भांडायची ही मुलगी. दुसऱ्या गावी तिला नोकरी ठरली आहे, प्रबंध वेळेत दिला तरच. ती म्हणाली, तिथे गेल्यावर मी काय करणार मॅडम? तिथे तुम्ही नसाल.

मला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उठून शाल गुंडाळून बसले. एसी फार गार ठेवतात.

२८ मार्च, सकाळ

आज ब्लँक. मी स्वतः. तिला दाखवून देते म्हणजे तिची भीती जाईल. माझी नव्हतीच.

२८ मार्च, संध्याकाळ

रेणू न घालता सेल लावली. टेकडी आली.

मी म्हटलं, आधीचा रेणू काचेला चिकटून राहिला असेल. नवी सेल खोक्यातून काढली, नवा द्रव, नवं पाणी. धुतली, पुसली, लावली. टेकडी.

शंकाबाईने पडद्यावर दोन्ही रेषा शेजारी शेजारी लावून पाहिल्या. मग तिने माझ्या हातातला नॅपकिन घेतला आणि नाकाला लावला. एक कोपरा शुद्ध पाण्यात बुडवून पिळला. न पुसलेल्या सेलमध्ये त्यातले थेंब सोडले. टेकडीचा डोंगर झाला.

तिने हळू आवाजात विचारलं, मॅडम, घरी कपडे कशात धुता?

नवऱ्याला फोन केला. तो खूशच झाला. म्हणाला, अगं ते कपडे मऊ करायचं लिक्विड, शेवटच्या पाण्यात घालतो मी, जरा सढळ हातानेच, बघ ना टॉवेल कसे झालेत! बाटलीवरचं सगळं वाचून दाखवलं. त्यात ते होतं. धन भाराचे लांब शेपटीचे आयन, आमच्या दोन द्रवांमधून पलीकडे जायला कायम तयार. नावाडी कशाला, ते पोहत जातात.

तिला आधी हसू आलं. मलाही आलं. मग ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, म्हणजे माझा हात वाईट नव्हता.

मी मशीन बंद करायला वळले. ती तशीच म्हणाली, सपाट रेषा खरी होती मॅडम. माझी खरी होती.

२९ मार्च

बचावाचे मुद्दे: ओव्हन दुरुस्त करायची जबाबदारी माझी नव्हती. बाटलीवरची अक्षरं फार बारीक आहेत. कुणीही

पुढे सुचलं नाही.

३० मार्च

हेडना मीच जाऊन सांगितलं. चालू आहे असं या वेळी म्हटलं नाही. परीक्षकांना कळवलं. प्रबंध आता वेळेत जाणार नाही. नोकरीवाल्यांनी तिला उत्तर दिलेलं नाही.

हेड तिला म्हणाले, हवं तर मार्गदर्शक बदलून देतो. तिने विचार करायला वेळ मागून घेतला. मी दाराबाहेरच उभी होते. माझ्याकडे न बघता गेली. तिचं बरोबर आहे. मी तरी कुठे बघत होते तिच्याकडे? मी टेकडीकडे बघत होते.

२ एप्रिल

ओव्हन दुरुस्त झाला. ती आज आली होती. काच ओव्हनमध्ये वाळवली, रेणूची मात्रा बदलून सेल एकटीने लावली. मी काचेच्या दाराआडून पाहिलं. पाणी तेलावर चढवताना तिचा हात जराही हलला नाही. मधली सीमा आरशासारखी शांत. इतकी चांगली सेल माझ्याकडून कधी लागली नसेल. रेषा सपाटच होती. तिने तारीख घालून ती ठेवून दिली आणि दुसरी सेल घेतली.

आत जाऊन चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्या, असं मनात आलं. नाही गेले.

उद्या तिला विचारणार आहे: राहशील का माझ्याकडेच? सेल तूच लाव. मी बाजूच्या स्टुलावर बसेन, हात मांडीवर ठेवून, आणि तू सांगशील तेवढंच लिहून घेईन.

ती नाही म्हणेल. तरी विचारणार आहे.