कोठडीतले व्याही

चिखली, गुरुवार

आदरणीय माणिकराव भाऊजींच्या चरणी सुधाकरचा नमस्कार, आणि अन्नपूर्णाताईला तिच्या धाकट्या भावाचा वेगळा नमस्कार. तुमच्या गुडघ्याला नव्या तेलाने उतार पडला की नाही ते कळवावे. मलकापुरात ऊन तापू लागलं असेल, दुकानात बसताना पंख्याखाली बसत जा, पण अगदी खाली नको, तो पंखा जुना आहे. आमच्याकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. कितपत खुशाल, ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा. हे सारं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही प्रत्येक वाक्याला ‘हाव, हाव’ म्हणता आणि नंतर ताईला विचारता, सुधाकर काय म्हणे? म्हणून कागद घेतला.

आमच्या ओवीसाठी दातारांच्या आल्हादचं स्थळ तुम्हीच आणलंत. (दातारसाहेब रेल्वेत असताना दोन वर्षं मलकापूरला होते आणि तुमच्या दुकानातून कंदील नेत असत, ही ओळख लग्नाला पुरते का, ही शंका मी तेव्हाच काढली होती.) पुण्याची माणसं, आपलं घर लहान, तेव्हा दोन्ही कुटुंबांनी मेहकर रस्त्यावरच्या त्या जुन्या तहसील कचेरीत काढलेल्या हॉटेलात दोन दिवस राहावं, हेही तुम्हीच सुचवलंत. तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाही. फक्त क्रम सांगतो.

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो. मी, सुहासिनी आणि ओवी. दातार पती-पत्नी आणि आल्हाद आमच्या आधीच आले होते. भाऊजी, ती कचेरी मी लहानपणी पाहिलेली आहे. शेताच्या एका नकलेसाठी बाबा तिच्या व्हरांड्यात तीन दिवस उभे होते आणि मी त्यांचं धोतर धरून. आता त्याच व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या आहेत आणि लोक पाय पसरून थंडगार कॉफी पितात. मी पायरीशी गेलो आणि चपला काढून हातात घेतल्या. का काढल्या, माझं मलाच कळलं नाही. तिथली व्यवस्थापक डिंपल नावाची डोणगावची मुलगी आहे, फार शालीन, ती म्हणाली, काका, चपला घालूनच या. मी घातल्या, पण आत जाताना पाय आपोआप हळू पडत होते आणि कोणी तरी ‘काय काम आहे?’ असं विचारील म्हणून मी उत्तर जुळवून ठेवलं होतं.

खोल्यांना तिथे आकडे नाहीत, जुनी नावं आहेत. आम्हाला ‘दप्तरखाना’ मिळाला. छत इतकं उंच की पंख्याचा वारा पलंगापर्यंत येईतो शिळा होतो, आणि पलंग इतका उंच की चढायला चौरंग ठेवलेला. सुहासिनी त्यावर राणीसारखी बसली. मी कौलांखालचे वासे मोजले, त्यातला एक तडकलेला निघाला, म्हणून पलंग भिंतीकडे सरकवायला गेलो तर तो हलेना. (शिसवी आहे. तेव्हापासून माझी कंबर धरलेली आहे, पण ते गौण.) दातारांनी मात्र आपणहून ‘कोठडी’ मागून घेतली होती. म्हणजे कैदी ठेवायची खरीखुरी कोठडी. गजांचं दार तसंच ठेवलंय, त्याला ओंजळीएवढं मूळचं कुलूप, आणि आत गादी, आरसा, चहाची किटली. रात्री गजांवर जाड पडदा ओढून घेतात. दातारसाहेबांना असल्या जुन्या वस्तूंचं फार कौतुक. आयुष्यात कधी कचेरीची पायरी चढावी न लागलेल्या माणसाला कोठडीत झोपायची हौस असू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

आता मुख्य गोष्ट. ओवीने मला आधीच बजावलं होतं, बाबा, लग्नानंतर मी पुण्याला कायमची जाणार नाही, आपल्या इकडच्या उंद्रीचा जनावरांचा दवाखाना सोडणार नाही, हे त्यांना तुम्ही पहिल्याच दिवशी सांगा. (तिच्या हातून चार वर्षांत किती अडलेल्या गाई-म्हशी सुटल्या असतील याची गणती नाही, उंद्रीत लोक मला ‘डॉक्टरीणबाईचे वडील’ म्हणून चहा पाजतात.) मी हो म्हटलं आणि शनिवारभर सांगितलं नाही. जेवताना सांगणार होतो, पण संजीवनीताई, म्हणजे दातारांच्या पत्नी, तेवढ्यात म्हणाल्या, पुण्यात आमच्या घराजवळ जनावरांचे तीन दवाखाने आहेत. मी त्यांच्या पानात आणखी भरीत वाढलं.

रविवारी सकाळी दातारसाहेबांनी मला कोठडी पाहायला बोलावलं. भिंतीवर कोण्या कैद्याने खिळ्याने काढलेला बैल दाखवला. मग म्हणाले, चला सुधाकरराव, आता सगळ्यांना बसवून पुढचं ठरवूनच टाकू. मी दाराबाहेर होतो, ते आत चष्मा पुसत होते. व्हरांड्यासमोरच्या चिंचेवर एक वानर होतं. मी ‘वानर आलं, वानर आलं’ म्हणत दार ओढून घेतलं आणि कुलूप खटकन बसलं.

सगळ्यांना मी सांगितलं की वानर लाडवांच्या डब्यावर झेपावत होतं. तुम्हाला खरं सांगतो. वानर चिंचेवरच होतं, पाठमोरं. मला फक्त दोन मिनिटं हवी होती.

डिंपल किल्ली घेऊन धावत आली. वीतभर किल्ली. ती फिरली, पण कुलूप उघडेना. मग कळलं की ते कुलूप एकाच माणसाचं ऐकतं. उकंडराव म्हणून तिथे फाटकाशी फेटा बांधून उभे असतात. कचेरी होती तेव्हा ते तिथेच शिपाई होते. आणि उकंडराव त्या दिवशी पुतणीच्या साखरपुड्याला डोणगावला गेलेले. डिंपलने गाडी पाठवली. दार कापायचं तर मालकाची परवानगी हवी, आणि मालक विमानात. संजीवनीताई व्हरांड्याच्या टोकाच्या न्हाणीघरातून केस पुसत आल्या, नवऱ्याला गजांआड पाहिलं आणि ओल्या टॉवेलसकट खुर्चीवर बसल्या. सुहासिनीने माझ्याकडे एकदाच पाहिलं. भाऊजी, बेचाळीस वर्षांत इतकं लांब वाक्य ती डोळ्यांनी कधी बोलली नव्हती.

पहिली दहा मिनिटं दातारसाहेब हसत होते. मग हसणं थांबलं. कपाळावर घाम आला, श्वास वरवर येऊ लागला, गज ते सोडेनात. मी तर घाबरून अर्धा झालो. माणूस पुण्याहून आपल्याकडे आला आणि आपण त्याला... पुढचं लिहवत नाही. मी गजांमधून हात घातला, त्यांचा हात धरला आणि शनिवारपासून जपून ठेवलेली शुद्ध भाषा कुठे गेली कोण जाणे.

“साहेब, भेऊ नका,” मी म्हणालो. “मी अथीच आहो. कुठी जाऊन नाही राह्यलो.”

त्यांनी हात सोडला नाही. मी बाहेर फरशीवर बसलो, ते आत. सुहासिनीने गजांमधून पाणी दिलं. संजीवनीताईंना ती कॉफी प्यायला घेऊन गेली. श्वास जरा खाली आल्यावर दातारसाहेब भिंतीकडे पाहत हळू आवाजात बोलू लागले.

“सुधाकरराव, आमच्या आल्हादला नोकरी नाही. आठ महिने झाले. असाच श्वास कोंडायचा त्याचा, रोज, ऑफिसच्या लिफ्टमध्ये. मी त्याला म्हटलं होतं, नाटकं करू नकोस.”

त्यांनी नाक पुसलं. हे त्यांनी तुमच्यापासूनही लपवलं होतं, म्हणाले, आणि मला कसं सांगावं या विचाराने शनिवारी ते जेवले नव्हते. (मला वाटलं होतं त्यांना आपलं भरीत तिखट लागलं.) बाप म्हणून मला राग यायला हवा होता. तो आलाही, पण हात धरलेला असताना राग कुठे ठेवावा ते कळेना. मग मीही सांगून टाकलं. ओवी उंद्री सोडणार नाही म्हणून. आणि वानराचंही सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग विचारलं, “म्हणजे मला तुम्ही मुद्दाम कोंडलंत?”

“दोन मिनिटांसाठी,” मी म्हणालो.

तर भाऊजी, ते इतके हसले की डिंपल धावत आली.

उरलं ते मुलांना सांगणं. दातारसाहेबांनीच हात सोडून मला पाठवलं. ती दोघं मागच्या अंगणात होती. हॉटेलात पाहुण्यांना फिरवायला खाचर ठेवलंय, त्यातला एक बैल लंगडत होता. ओवीने बाह्या वर करून त्याचा खूर मांडीवर घेतला होता आणि आल्हाद दोन्ही हातांनी दोर धरून बैलाशी काहीबाही बोलत होता. मी ओवीच्या कानाशी वाकून, घसा खाकरून, नोकरीचं सांगितलं. ती खुरातला काटा काढता काढता म्हणाली, बाबा, त्याने मला पहिल्याच फोनला सांगितलं, आणि मीही उंद्रीचं सांगितलं. तो महिनाभर इकडे राहून बघणार आहे. तुम्ही मोठी माणसं दोन दिवस कशाची वाट पाहत होतात? मी बैलाची चौकशी केली.

दोन तास चाळीस मिनिटांनी उकंडराव आले, साखरपुड्याच्या नव्या टोपीत. त्यांनी आधी कुलपाला नमस्कार केला. मग म्हणाले, “याले जोर नाही चालत. जरासं उचलून धरा लागते.” उचलून धरलं, किल्ली फिरवली, दार उघडलं. दातारसाहेब बाहेर आले, माझ्या गळ्यात पडले आणि तिथल्या तिथे म्हणाले, आमच्याकडून पक्कं.

तर असं झालं. गोड मानून घ्यावं. ताईला नमस्कार, गुडघा जपावा.

आपला,
सुधाकर

ता.क. : आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. दातारसाहेबांचा हट्ट आहे की लग्न त्याच हॉटेलात करायचं, वैशाखात. दोनशे माणसं, तो तडकलेला वासा, अंगणात आचारी, वर वानरं, आणि पाहुण्यांची पोरं त्या कोठडीत शिरणार म्हणजे शिरणारच. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. मला त्यांना ‘नाही’ म्हणवत नाही. तुम्ही मध्यस्थ आहात, वडीलधारे आहात. काहीही कारण काढा, पण हे तुमच्या तोंडून मोडा. माझं नाव येऊ देऊ नका.

ता.क. दुसरा : भाऊजी, मी सुहासिनी. पाकीट चिकटवण्याआधी वाचलं. मोडू नका. अन्नपूर्णाताईंशी माझं सोमवारीच फोनवर सगळं बोलणं झालंय, तारीख त्यांनीच काढली आहे आणि तुम्हा दोघांसाठी ‘खजिना’ खोली त्यांनी स्वतः सांगून ठेवली आहे. तुम्हाला त्या बोलल्या नसतील तर विचारा. ह्यांना पत्र लिहू दिलं, कारण लिहिताना तीन तास ते वाशाबद्दल एकदाही बोलले नाहीत. तुम्ही उत्तरात ‘विचार करतो’ एवढंच कळवा. त्या उत्तराची वाट पाहण्यात ह्यांचा महिना तरी निघून जाईल, आणि तोवर माझी साडीखरेदी उरकेल.