काचेतली उलटी दांडी

मु. दांडी, तारापूरजवळ

तीर्थरूप आईस पुंजारामाचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे. खडकानं कापलेला पायही भरत आलाय. डोंगर-समुद्राचे फोटो काढणाऱ्या साहेबांचं सामान वाहतो. साहेब कॅमेऱ्यामागं काळ्या कापडात शिरले, की कोळणी मला विचारतात, "ह्याला ताप हाय का रं?"

काल कापडात मीही डोकावलो. काचेत समुद्र वर, आभाळ खाली! आपली धाकटी साखर वाकून पायांतून बघायची, तिला असंच दिसत असणार. तू लगेच म्हणायचीस, "पाहुणा येणार गं!" अजून बघते का तशी?

साहेबांना हवा तसा ढग आला, की मला सुट्टी. आभाळ रोज कोरंच. तरी साखर वाकली, तर एक भाकर जास्त थाप.

तुझा पुंजाराम