सीलबंद बारा गाड्या

१ जानेवारी २००३, बुधवार
नवी डायरी. यंदाचे संकल्प तीनच. पहाटे उठणे. पुष्पावर न चिडणे. सेट पूर्ण करणे.

पहिला उद्यापासून, कारण आज उठलो तेव्हा आठ वाजले होते.

सेट म्हणजे ‘थंडर ट्रॅक’चा. व्हिडिओ गेमच्या दुनियेत हे नाव माहीत नसलेला माणूस अडाणी. त्या गेममधल्या गाड्या, धातूच्या, बोटभर लांबीच्या. प्रत्येक गाडीबरोबर तिचा ड्रायव्हर, अंगठ्याएवढा. एकूण बारा. माझ्याकडे अकरा आहेत आणि अकराही सीलबंद. पुठ्ठ्याला सुरकुती नाही, वरच्या प्लास्टिकला ओरखडा नाही. जाणकारांच्या जगात पाकीट फोडलं की गाडी मेली. मराठवाड्यात एवढी समज असलेला बहुधा मीच. अंबडमध्ये तर खात्रीने.

पुष्पाने विचारलं, खेळायच्या नव्हत्या तर आणल्या कशाला. मी पाकिटं पुन्हा सरळ रचली. संकल्प दोन.

४ जानेवारी, शनिवार
कोर्ट सुटल्यावर बसस्टँडमागे चांदपाशाच्या गेम पार्लरमध्ये. गाड्या मला तोच आणून देतो, हैदराबादहून. बारावी, म्हणजे स्कल किंगची काळी जीप, या आठवड्यात येते म्हणाला.

आलोच आहे तर एक गेम खेळलो. दुसऱ्या वळणावर पुलावरून खाली पडलो. जॉयस्टिक डावीकडे ओढते. मागे उभी असलेली शाळेतली पोरं हसली. चांदपाशाला जॉयस्टिकचं सांगितलं तर म्हणाला, बाकी कुणाची तक्रार नाही. बाकीच्यांना कळत नसेल. शिवाय पारख वेगळी आणि खेळणं वेगळं.

७ जानेवारी, मंगळवार
मोठी बातमी. औरंगाबादच्या छंद प्रदर्शनात मला टेबल मिळालं. रविवार, ९ फेब्रुवारी. अख्खं टेबल, त्यावर माझ्या नावाची पाटी. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. बेलिफाने विचारलं, टेबल घरी न्यायचं असतं का. या लोकांत मी दिवस काढतो.

लगेच मंठ्याला सासऱ्यांना फोन लावला. याला कारण आहे. दिवाळीत सासरे, म्हणजे आमचे रामराव मामा, सगळ्यांदेखत म्हणाले होते, “कोर्टातली नौकरी बराबर हाये, पण जावईबापू, तुमचं सोताचं काय हाये?” धाकटे साडू शेजारीच बसले होते. त्यांची डाळमिल आहे. तेव्हा मी आणखी एक पुरणपोळी वाढून घेतली. उत्तर आता सुचलं. मामा, या आणि बघा माझं स्वतःचं काय आहे, असं स्पष्ट म्हणालो. म्हणजे, प्रदर्शन आहे, जमलं तर या, असं म्हणालो.

येतो म्हणाले. ते सगळ्यांनाच येतो म्हणतात.

९ जानेवारी, गुरुवार
स्कल किंग आला. बारा. आज जेवण गेलं नाही.

सगळी पाकिटं कागदात गुंडाळून खोक्यात घातली आणि खोकं माळ्यावर ठेवलं. कपाटात जागा नाही, तिथे पुष्पाच्या साड्या. तिला सांगून ठेवलं, यात माझी आयुष्याची कमाई आहे. बरं म्हणाली.

मग तिने संक्रांतीच्या वाणाचा विषय काढला. गेल्या वर्षी चहाच्या गाळण्या वाटल्या तर गल्लीत वर्षभर हसले म्हणे. यंदा बारा जणींना बोलावलंय, तुमच्या जजसाहेबांच्या मिसेसनासुद्धा, काहीतरी बरं आणू द्या. मी समजावलं. या महिन्यात स्कल किंगमुळे ओढाताण आहे, घरात आहे त्यातून भागव. बायकांना नियोजन येत नाही, शिकवावं लागतं. तिने एकदा माळ्याकडे बघितलं. पटलं असावं.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. तिळगूळ वाटला, गोड बोललो. पहाटे उठण्याचा संकल्प थंडी कमी झाल्यावर.

१८ जानेवारी, शनिवार
आमच्याकडे हळदीकुंकू. घरात पुरुषाला जागा नाही म्हणून चांदपाशाकडे गेलो. पुलावरून पडलो. परत आलो तर घरभर उदबत्तीचा आणि अत्तराचा वास, पुष्पा गुणगुणत होती. असं वाण गल्लीत आजवर कुणी लुटलं नाही, बायका अगदी खूश होऊन गेल्या, साहेबांच्या मिसेस तर दोनदा म्हणाल्या, असं सांगितलं. मी म्हणालो, बघ, नियोजन केलं की होतं सगळं.

हो म्हणाली आणि हसली. लग्नाला नऊ वर्षं झाली, माझं म्हणणं तिला आता पटायला लागलंय.

१९ जानेवारी, रविवार
दर रविवारी गाड्यांवरची धूळ मऊ ब्रशने झटकतो. माळ्यावर चढलो. खोकं होतं. खोक्यात जुनी मच्छरदाणी होती.

शिडीवरून कसा उतरलो आठवत नाही. पुष्पा बाजरी निवडत होती. मी ओरडलो. संकल्प दोन आजपुरता बाजूला. तिने सुपातून मान वर केली नाही. म्हणाली, “तुमीच म्हणलात ना, घरात हाये त्यातून भागव. घरात दुसरं काय होतं?”

म्हणजे तिने बारा सवाष्णींना हळदीकुंकू लावून, ओटी भरून, माझ्या बारा गाड्या वाण म्हणून लुटल्या. नवी कोरी पाकिटं, एकसारखी, बरोबर बारा. तिचं म्हणणं, एवढा हिशेब तर देवच जुळवून देतो.

मी म्हणालो, परत आण. ती म्हणाली, संक्रांतीचं वाण सवाष्णीच्या हातातून कुणी परत मागतं का? मागायचं असेल तर तुम्ही मागा.

मागेन. पुरुष आहे, मला रीतभात आड येत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार
मोहीम सुरू. सोप्या घरापासून आरंभ, म्हणजे रहिमुन्निसा भाभी. चांदपाशाची बायको, पुष्पाची मैत्रीण. घरचाच मामला.

चांदपाशा म्हणाला, साहेब, बेगमनं स्कल किंग घरी आणला, मला वाटलं तुम्हीच परत धाडला. दुकानात लावला, तासाभरात विकला. वडीगोद्रीच्या एका पोरानं नेला. मग हळू आवाजात विचारलं, आणखी येणार आहेत का, गिऱ्हाईक आहे. मी चिडून एक गेम खेळलो. पूल.

२३ जानेवारी, गुरुवार
साहेबराव वकिलांकडे गेलो. कामानिमित्त आलो असं दाखवलं. डॉक्टर बोल्ट, बारांतला सगळ्यात हुशार ड्रायव्हर, त्यांच्या नातवाच्या तोंडात होता. डोकं आत, पाय बाहेर. वकीलीणबाईंनी तिळाचे लाडू दिले, पोहे दिले, पुष्पाचं कौतुक केलं. दात येतायत, दुसरं काही चावतच नाही म्हणाल्या, अगदी उपकार झाले. पोरगं माझ्याकडे बघून हसलं. लाडू तीन खाल्ले आणि परत आलो.

तोंडातून काढलेला डॉक्टर बोल्ट मला नकोच होता.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदन करून गोजरबाईंकडे. समोरच्याच घरातल्या, वयस्कर. लेडी कोब्राची गुलाबी गाडी नातवाने गावी नेली. लेडी कोब्रा स्वतः देवघरात. हळदीकुंकू वाहिलेलं, पुढे तिळगुळाची वडी. मुखवटा आणि हातात साप बघून गोजरबाईंना ही कुठली तरी जागृत देवी वाटली, आणि संक्रांतीला आपल्या पायांनी घरी आली म्हटल्यावर शंका राहिली नाही. तेव्हापासून त्यांचा गुडघा कमी दुखतो.

ती खेळातली बाई आहे असं सांगायला मी तोंड उघडलं. गोजरबाई म्हणाल्या, “हात जोड बाबा, तुझ्याच घरून आल्याती.”

जोडले.

२९ जानेवारी, बुधवार
कोर्ट. साहेबांसमोर फायली घेऊन उभा होतो. टेबलावर, सहीसाठी ठेवलेल्या हुकुमांवर, कमांडर रॉकचा रणगाडा. खिडकीतून वारा येतो, कागद उडतात, म्हणून. साहेबांनी माझी नजर पाहिली. म्हणाले, मिसेसना कुठल्याशा हळदीकुंकवात मिळालं, मोठं उपयोगी आहे. तुम्हाला माहीत आहे का हे काय आहे?

नाही साहेब, म्हणालो.

साहेबांनी सही केली आणि रणगाडा परत कागदांवर ठेवला. आता कोर्टात रोज तो मला दिसणार. निवृत्तीला एकवीस वर्षं आहेत.

२ फेब्रुवारी, रविवार
आठ घरं झाली. आठ ठिकाणी चहा. परत मिळालं ते एक रिकामं पाकीट, प्लास्टिक फाटलेलं, पुठ्ठ्यावर कुणीतरी दुधाचा हिशेब लिहिलेला. पित्त झालं. उरलेल्या चार घरी जाण्यात अर्थ नाही. तिथे लहान मुलं जास्त आहेत.

गल्लीत पोरं माझ्याच गाड्यांवरून भांडतात. मी जवळून गेलो की गप्प होतात, आदराने.

५ फेब्रुवारी, बुधवार
निर्णय घेतला. प्रदर्शनाला जाणार नाही. त्यात पराभव नाही. असल्या ठिकाणी कोण येतं? काडेपेट्या जमवणारे, शंखशिंपलेवाले. त्यांच्या रांगेत बसणं मला मुळात शोभलं नसतं.

पुष्पा म्हणाली, दादांना (वडिलांना ती दादा म्हणते) फोन करून सांगा तरी. मी म्हणालो, काही गरज नाही. ते येणार नाहीत. येतो म्हणायची त्यांची पद्धत आहे. सत्तरीला आलेला माणूस दोन बसगाड्या बदलून खेळणी बघायला जाईल का? शिवाय फोन केला तर का नाही जात ते सांगावं लागेल, आणि बायकांच्या गोष्टी पुरुषांत बोलणं बरं नाही.

तिने स्वतः करते म्हटलं. मी रिसीव्हरवर हात ठेवला. उद्या मीच करतो म्हणालो.

८ फेब्रुवारी, शनिवार
रथसप्तमी. हळदीकुंकवं आजपासून बंद. बरं झालं. दोन बायकांनी रस्त्यात अडवून विचारलं, पुढच्या वर्षी पुष्पाताई काय लुटणार?

फोन राहिला. आता करून उपयोग नाही, झोपले असतील. अंगात कणकण वाटते. थर्मामीटरमध्ये काही दिसत नाही, पण तो जुना आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
दिवसभर पडून. ताप असावा. पुष्पाने थर्मामीटर उशाशी आणून ठेवला. तिला वाटतं मी घाबरलो. मी कुणाला घाबरतो?

संध्याकाळी दिवे लागले आणि दारात मामा. थेट औरंगाबादच्या बसमधून. धोतराला धूळ, हातात पिशवी. पहाटेच मंठ्याहून निघाले होते. मी चादर गळ्यापर्यंत ओढली. बाहेर पुष्पाने विचारलं, दादा, जेवलात का. नाही म्हणाले, जागा सोडता आली नाही.

मग माझ्या खाटेशी खुर्ची ओढून बसले. रागावतील असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“सकाळी पोचलो तं टेबल रिकामं. पाटीवर तुमचं नाव. शेजारचा काडेपेट्यावाला आपलं सामान त्याच्यावर सरकवून राह्यल्ता. मंग मीच बसलो खुर्ची घेऊन.”

दिवसभर बसले होते. लोक येऊन विचारत, इथे काय आहे. मामा सांगत, बारा गाड्या हायेत, जावयाच्या हायेत, रस्त्यात हायेत, येऊन राह्यल्या. पाच वाजता हॉल बंद करायला आलेल्या माणसालाही तेच सांगितलं, आणि आणखी अर्धा तास थांबायला लावलं.

मला लाज वाटली. याआधी वाटायची ती लाज नव्हती, चीड होती, हे आज कळलं.

सगळं सांगून टाकलं. वाणाचं, वकिलांच्या नातवाचं, साहेबांच्या टेबलाचं. मामा ऐकत राहिले. पुष्पा दारात उभी होती, तिनेही ऐकलं. मामा हसले नाहीत, तीच एक हसली, गोजरबाईंपाशी आल्यावर.

मामा म्हणाले, झालं ते झालं. पण दिवसभर लोकाला सांगत राह्यलो बारा हायेत, बारा हायेत, आन् कशा हायेत ते मलाच ठावं न्हाई. सांगा बरं.

मी उठून बसलो. पुठ्ठ्यावर छापलेलं सगळं पाठ आहे, ते सांगितलं. नावं, रंग, वेग. मामा मान हलवत होते. मग त्यांनी विचारलं, “चाकं फिरतात का त्यांची?”

फिरत असतील, म्हणालो.