मुकावीरसाठी ना हरकत पत्र

२ ऑगस्ट
रूथच्या डोळ्यांचे रिपोर्ट आले. डावा जवळजवळ गेलाच. उजव्याचं डॉक्टर म्हणतात, वर्षभर, फार तर. परळच्या शाळेत ती एकतीस वर्षं शिकवायला, मी ऑफिसात. आता छोटी अक्षरं मला वाचायला लावते. रिपोर्ट ऐकून म्हणाली, "मोशेला मरण्याआधी निदान डोंगरावरून देवाने कबूल केलेला देश दिसला तरी." आणि चहा टाकायला उठली.
ठरलं. मोशेचा तो डोंगर जिथे आहे, त्या जॉर्डनला परत जायचं. दिवाळी झाली की लगेच.

३ ऑगस्ट
यादी. पेट्रा नको, गर्दीचं काहीच नको. ते मागे तिच्या चर्चच्या ग्रुपबरोबर झालं, एक सीट रिकामी होती म्हणून मी गेले होते. आता आधी मुकावीर. डोंगरावर हेरोद राजाचा पडका किल्ला, येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं डोकं उडवलं ती जागा. मग उम्म अर-रसास, जुन्या चर्चच्या जमिनीवरची नक्षी. मग दोन दिवस नुसतं वाळवंट.
मुकावीर आधी का, ते कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हा बस पायथ्याशी थांबली होती. तासभर हातात होता. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांना जमणार नाही, तू जा. रूथ मला सोडून गेली नाही. दोघी खाली चहा पीत बसलो. गुडघे माझे ठणठणीत होते. दुसऱ्यांच्या देवाधर्मासाठी एवढ्या उन्हात कोण चढणार, असं वाटलं, झालं. आता गुडघे खरेच गेलेत.

५ ऑगस्ट
जेवताना नितीनला सांगितलं. घास हातातच राहिला त्याचा. "आई, तिकडे मिसाईल उडतायत, न्यूज बघत नाहीस काय?" मग, "एकीला दिसत नाही, एकीला चालवत नाही!" शेवटी, "जायचंच तर काशीला जा ना, मी नेतो."
काशी कुठे पळून जातेय?
सूनबाई प्राचीने मात्र न मागता मला आमटी वाढली.

८ ऑगस्ट
दादरचा एजंट. पोरगेलासा, टाय लावलेला. "काकी, ग्रुप नाही, दोघी पासष्टच्या वरच्या. आमच्याकडे घरच्यांचं ना हरकत पत्र लागतं. मुलाची सही." रूथचं लग्नच झालेलं नाही. "मग त्यांच्यासाठी पण तुमच्याच मुलाची चालेल."
रूथ उठून उभी राहिली. "त्याला पाढे मी शिकवलेत. त्याची परवानगी मी मागू?"
एकतीस वर्षं ना.ह.प. टाइप केली मी. शाळेत किती बायांना "नवऱ्याची सही आणा" म्हणून परत पाठवलं. तेव्हा काही वाटलं नाही. आज लाज वाटली.

११ ऑगस्ट
करी रोडची आमची चाळ पाडून लिफ्टचा टॉवर झाल्यापासून जिना चढतं कोण? मी. आज सहा मजले. दोनदा बसले. गुडघा कुरकुरतो, कुरकुरू दे.

१४ ऑगस्ट
आठ. नितीनने जिन्यातच पकडलं.
"पडशील गं!"
"पडले तर चढताना पडेन."
"मी सही करणार नाय."
"मागितली कोणी?"
मग खालच्या पायरीवर बसला. हळूच म्हणाला, "तिकडे काही झालं तर मी पोचणार कसा, सांग." खरं आहे त्याचं. पण म्हणून घरात बसू? नाही बसणार.

१८ ऑगस्ट
लिहिलं पत्र. वर तारीख, जावक क्र. १. "मी, खाली सही करणार सुनंदा, वय ६८, मला माझ्या स्वतःच्या जॉर्डनला जाण्यास कोणतीही हरकत नाही." रूथचंही तसंच, जोडपत्र.
एजंटने दोनदा वाचलं. "काकी, असं चालत नाही."
"चालत नाही, असं लिहून द्या. सही-शिक्क्यासकट."
लिहून देईना. मोठ्या साहेबांना विचारतो म्हणाला. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, मगच उठले.

२१ ऑगस्ट
रूथला गुडघ्यांचं सांगून टाकलं. ऐकलं सगळं. म्हणाली, "बसमधून तू उडी मारून उतरलीस. तेव्हाच कळलं मला."
"मग बोलली का नाहीस?"
"चिडले होते. चहा बरा होता पण."
मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडतेस काय? चढ."

२४ ऑगस्ट
रूथ आली. जिन्यात माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. म्हणे, सवय करून घेते. तशीच नऊ मजले आली, मधे मीच थांबले दम खायला. नवव्याच्या खिडकीत म्हणाली, "काय दिसतं ते सांग." सांगितलं. शिवडीची खाडी, ओहोटीचा चिखल, नवा पूल, पलीकडे धुरकट डोंगर.
"छान सांगतेस. पण मुकावीर मी माझ्या डोळ्यांनी बघणार."
आणि डोळे उघडून बराच वेळ खाडीकडे बघत राहिली. उजवा डोळा पुढे येईल अशी मान वळवून.
घरी नितीन. "त्या किल्ल्याला पायऱ्या किती गं?" सहीचं बोलला नाही. एजंटचा फोन नाहीच. त्याच्या साहेबांना स्मरणपत्र, जावक क्र. २, लिहून पर्समध्ये ठेवलंय.