उजव्या पायाचा अंगठा

शुक्रवार, ७ मार्च. तेनोसिके.

फिलेमोन आजोबांनी कॉफी सोडून आज तेरा दिवस झाले. आमच्या चर्चमध्ये कॉफी चालत नाही. डोकं ठणकतं म्हणतात, पण शब्दाला पक्के. उद्या बाप्तिस्मा!

अकरा महिने मी मेक्सिकोत चर्चच्या प्रचारासाठी दारं ठोठावतेय. कुत्री अंगावर आली, बायकांनी दार न उघडताच ‘आम्ही कॅथलिक’ सांगून वाटेला लावलं, एकीने तर ‘माझ्या नवऱ्याला जरा चांगलं शिकवा’ म्हणून आम्हाला घरात घेतलं आणि स्वतः बाजारात निघून गेली. आणि पाण्यात उतरायला तयार झालेला पहिला माणूस कोण, तर एकोणीस वर्षं नदीकडे पाठ करून बसणारा.

आजोबा तेव्हा होडी चालवायचे. त्यांचा मुलगा ताचो त्यांच्याच होडीतून पडला, हाताला लागला नाही. तेव्हापासून होडी बंद. जाळी विणतात, आणि आंघोळसुद्धा तांब्या-तांब्याने, डोकं शेवटी. आम्ही त्यांना सांगितलं की आमच्या मॉर्मन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला की पुढे मंदिरात मेलेल्या मुलाशी कायमची गाठ बांधता येते, मेल्यावरही बाप-लेक एकत्र राहतात. तेवढ्यासाठी तयार झाले. “देवाचं नंतर बघू,” म्हणाले.

ओरेयानाने अंगणात खुर्चीवर त्यांचा सराव घेतला. ओरेयाना म्हणजे माझी जोडीदारीण, होंडुरासची. माझ्याहून वर्षाने लहान आणि दहा वर्षांनी शहाणी. नाक धरायचं, गुडघे वाकवायचे, मागे झुकायचं. केसापासून नखापर्यंत सगळं एकाच वेळी पाण्याखाली. काही वर राहिलं तर पुन्हा. ‘पुन्हा’ म्हटल्यावर आजोबांनी खुर्चीची कड घट्ट धरली.

शनिवार, ८ मार्च

झाला. आईला फोटो पाठवला. आज जास्त लिहवत नाही.

रविवार, ९ मार्च

लिहिते आता.

आरिस्तिदेसभाऊ आजोबांना घेऊन चर्चमागच्या टाकीत उतरले. भाऊ इथल्या शाखेचे प्रमुख. आठवडाभर ट्रकचे टायर काढतात, दंड हे असे. आम्ही दोघी साक्षीदार — ओरेयाना डोक्याकडे, मी पायांकडे. साक्षीदाराचं काम एकच, सगळं बुडालं का ते बघायचं. आजोबा मागे झुकले, पाणी चेहऱ्यावरून गेलं, आणि उजव्या पायाचा अंगठा वर आला. क्षणभरच. काळा, वाकडा, नख फुटलेला. मग तोही खाली गेला. ओरेयानाच्या बाजूने दिसणं शक्यच नव्हतं.

वर आले ते भाऊंच्या गळ्याला मिठी मारून, लहान मुलासारखे कापत. “झालं ना? पुन्हा नाही ना?”

भाऊंनी आमच्याकडे पाहिलं. ओरेयानाने ‘झालं’ म्हणून मान हलवली. मीही हलवली.

आज चर्चमध्ये त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा होता. ते आलेच नाहीत. गुडघा धरलाय असा निरोप आला.

सोमवार, १० मार्च

सुट्टीचा दिवस. कपडे धुतले, सायकलला तेल घातलं, आईशी बोलले. तिकडे घरी, अमेरिकेतल्या आयडाहोत, अजून बर्फ आहे. आजोबांचा फोटो तिने फ्रिजवर लावलाय आणि रविवारी अख्ख्या चर्चला दाखवलाय. “तुझा पहिला!” म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. तिला वाटलं, आनंदाने.

मंगळवार, ११ मार्च

वहीशी तरी खोटं बोलू नये. मी नुसत्या दयेपोटी मान हलवली नाही. दया होती — ते कापत होते, कुणालाही आली असती. पण त्याच्याआधी डोक्यात फोटो होता.

बुधवार, १२ मार्च

आजोबांकडे गेलो. त्यांनी मक्याचं आणि कोकोचं गार पोसोल दिलं, नेहमीसारखं काठोकाठ. गुडघा ठणठणीत आहे — शिडीवर चढून पत्रा ठोकत होते. या रविवारी याल का विचारलं, तर “बघू.” माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

पाण्याचा धसका घेतला असणार, आता देवही नकोसा झाला. आणि मी! आमच्या नियमाने तो बाप्तिस्मा झालेलाच नाही. म्हणजे पुढचं मंदिरही नाही, आणि ताचोही नाही. त्यांना ते ठाऊक नाही, मला आहे. सांगितलं तर पुन्हा त्यांना पाण्यात घालायचं. नाही सांगितलं तर ज्या मुलासाठी एवढं केलं, तो त्यांना मिळणारच नाही. आज जेवण गेलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

ओरेयानाला सांगितलं. ती टॉर्टिया भाजत होती. “सहा दिवस?” म्हणाली. “सहा दिवस माझ्या शेजारी गुडघे टेकून प्रार्थना करतेस आणि पोटात म्हाताऱ्याचा अंगठा घेऊन हिंडतेस?” बरंच काही बोलली. टॉर्टिया जळली. मग तिने मला जवळ घेतलं आणि आम्ही ती जळकीच खाल्ली.

भाऊंना फोन केला. ते रागावले नाहीत, त्याने जास्तच लागलं. पुन्हा करावं लागेल म्हणाले, पण आजोबांना सांगायचं मी, त्यांनी नाही.

शनिवार, १५ मार्च

आजोबा जाळं विणत होते. पाठ केलेली स्पॅनिश वाक्यं मी सगळी विसरले. तुटक तुटक बोलले — अंगठा, मी पाहिला, मान हलवली, माझी चूक. त्यांचा हात थांबला नाही.

“उजवा ना?”

मी वर पाहिलं.

“अंगठ्याला वारा लागला होता, पोरी. सगळं अंग पाण्यात आणि तेवढ्यालाच वारा. मला तेव्हाच कळलं. मग तू मान हलवलीस. म्हटलं, सुटलो.” त्यांनी गाठ मारली. “आठवडाभर डोळ्याला डोळा नाही. वर पोराने विचारलं तर काय सांगू? तुझ्यासाठी एक अंगठा बुडवता आला नाही मला?”

मी रडले. तेही रडले. दारात उभी राहून ओरेयाना आम्हा दोघांना चोर म्हणत होती आणि स्वतःचं नाक पुसत होती. मला त्यांच्या पायाशी बसून राहावंसं वाटलं, आणि मी बसले. आजोबा आहेत माझे ते, दुसरा शब्द नाही.

टाकीत नको म्हणाले. जिथे ताचो गेला, तिथेच. भाऊंनी वरच्या अधिकाऱ्यांकडून परवानगी काढली.

रविवार, १६ मार्च

आम्हा मिशनरी मुलींना नदीत उतरायला बंदी, म्हणून काठावरूनच पाहिलं. आजोबा अख्खे बुडाले, नखासकट. मी मान हलवली, या वेळी खरी.

पण आजोबा बाहेर येईनात. छातीभर पाण्यात उभे राहून पुन्हा नाक धरलं. “आता ताचोच्या नावाने.” भाऊंनी समजावलं, की मेलेल्या माणसाच्या नावाने बुडी घेता येते, पण ती मंदिरात, व्याएर्मोसा शहरात. तुम्ही कशाला दगदग करता, तिथे कुणीही तरणा पोरगा तुमच्या वतीने घेईल.

“दुसरा कुणी नाही,” आजोबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “पहिली बस किती वाजता असते गं? भीती परत यायच्या आत ने मला.”