न्हाणीघराचा निवाडा

२ ऑक्टोबर १९६३
नातीच्या, अहल्येच्या, वहीत पानं उरली होती. फाडून वाण्याला देण्यापेक्षा मीच लिहीन. चौथीत दोनदा बसले आहे, तेवढं येतं.

नरसिंहला गीझर हवा. माझा मुलगा, पण हट्ट बापाचा. जयनगरात सगळ्यांकडे आहे म्हणे. सगळ्यांकडे म्हणजे समोरच्या इंजिनिअराकडे. आमच्या न्हाणीघरातल्या चुलीवर माझा तांब्याचा हंडा आहे. बसवनगुडीच्या जुन्या घरातून इथं आलो तेव्हा पहिल्या गाडीत तो आला, दुसऱ्या गाडीत मी. तीस वर्षं पहाटे चारला उठून मी पाणी तापवते. कुणाला किती तांबे हेही मीच ठरवते. आता म्हणे धुरानं भिंती काळ्या होतात. कावेरीचे, म्हणजे सुनेचे, डोळे चुरचुरतात.

शेवटी नरसिंह म्हणाला, आई, दिवाळीपर्यंत दोन्ही राहू देत. मग एकच. गीझर दुकानात परत, नाहीतर हंडा मोडीत. तूच ठरव. मी म्हटलं, सरी, तसंच होऊ दे. निकाल मला आजच माहीत आहे. पण न्यायाधीशानं तोंड लवकर उघडू नये.

५ ऑक्टोबर
बाकीचे उमेदवारही तपासले. बादलीत सोडायची विजेची सळई: शॉक लागतो. नापास.

शेजारची गोदूबाई भुशाच्या शेगडीचं कौतुक घेऊन आली. डब्यात लाकडाचा भुसा ठासायचा, मधे भोक ठेवायचं, पेटवायचं. अक्का, दोन दोन तास ढुंकून बघायला नको, म्हणाली. मी म्हटलं, भुसा बाहुलीत भरतात. गोदूबाई चहा अर्धा टाकून गेली. नापास.

९ ऑक्टोबर
गीझर आला. भिंतीला टांगलाय. पांढरा, पोट सुटलेला. त्याला लाल दिवा आहे. दिवा लागला की पाणी तापतंय, विझला की तापलं. सगळंच उलटं.

निश्चय: त्याला हात लावायचा नाही. आठ दिवसांत सगळे माझ्या चुलीपाशी रांग लावतील.

१० ऑक्टोबर
कुणी आलं नाही.

११ ऑक्टोबर
कुणी नाही.

१७ ऑक्टोबर
आठ दिवस झाले. आठ म्हणजे अगदी आठच असं मी म्हटलं नव्हतं. कावेरी आता साडेसहाला उठते. घर बुडणार.

१९ ऑक्टोबर
पावसानं लाकडं ओली. एवढा धूर की हंडा दिसेना. कावेरी दाराबाहेरून म्हणाली, अत्याबाई, आजच्या दिवस गीझरचं घ्या की. मी म्हटलं, माझ्या रक्तात अजून ऊब आहे.

थंड पाण्यानं आंघोळ केली. रक्तात ऊब नाही.

२१ ऑक्टोबर
गुडघे धरले. पडल्या पडल्या विचार केला. निवाडा करायचा तर दोन्ही बाजू ऐकायला नकोत? दार लावून गीझरची एक बादली घेतली. ही आंघोळ नव्हे, चौकशी. पाणी बरं होतं. खात्री करायला दुसरी बादली घेतली.

चुलीतून धूर निघाला नाही तर घरात चर्चा होईल. म्हणून हंड्याखाली चार काटक्या पेटवल्या. हंड्यात तांब्याभर पाणी टाकलं. घागरी कशाला ओढायच्या उगाच.

३० ऑक्टोबर
चौकशी रोज चालू आहे. घाईनं निकाल देणं बरं नव्हे.

नरसिंह म्हणाला, आई, या वयात रोज हंडा पेटवतेस, कमाल आहे तुझी. मी नाही म्हटलं नाही. अहल्येनं विचारलं, आजी, तू आत असतेस तेव्हा लाल दिवा कसा लागलेला असतो? मी म्हटलं, परीक्षा जवळ आली, पुस्तक उघड.

सकाळी हंड्यातून फट्ट असा आवाज आला. तांबं जुनं झालं की बोलतं.

७ नोव्हेंबर
निकाल पक्का. हंडा. कारणही सापडलं: करंट. करंट एक ना एक दिवस जातो. तो गेला की हे सगळे माझ्याकडे येतील, तोंडं पाडून. मारुतीला नारळ बोलले आहे. दिवाळीलाच जाऊ दे.

१४ नोव्हेंबर
उद्या दिवाळीची आंघोळ, आज पाणी भरायचा सण. हंडा चिंचेनं घासला, चुन्याच्या रेघा ओढल्या, गळ्यात झेंडूची माळ घातली. नवरीसारखा दिसतो. घरातल्या प्रत्येकानं एकेक घागर ओतली, काठोकाठ भरला. कावेरीनं नमस्कार केला आणि जाता जाता गीझरलाही कुंकू लावलं. त्यातही पाणीच भरतं ना अत्याबाई, म्हणाली. सणाचा दिवस म्हणून गप्प बसले.

चुलीत ओल दिसली. कावेरीनं सांडलं असणार. तिचा हातच तसा.

१५ नोव्हेंबर, पहाटे साडेचार
करंट गेला. अख्ख्या गल्लीचा. मारुती ऐकतो.

सगळ्यांना तेल लावून झालं आहे. नरसिंह पाटावर बसलाय, कानातून तेल ओघळतंय. म्हणाला, जिंकलीस आई. काढ हंड्याचं पाणी. कावेरीसुद्धा म्हणाली, तुमचंच खरं अत्याबाई. दोन्ही वाक्यं लिहून ठेवली. आता चूल पेटवते.

सव्वापाच
चुलीत चिखल. हंड्यात पाणी नाही. माळ तेवढी जागेवर.

नरसिंहनं कंदील आत घालून बघितलं. बुडाचा सांधा सुटलाय. म्हणाला, रिकामा तापवल्याशिवाय असं होत नाही. अहल्या गीझरच्या लाल दिव्याकडे बघत होती. तो लागला नव्हता, तरी बघत होती.

सकाळी आठ
गोदूबाईच्या परसात आम्ही चौघं, तेल लावून, बादल्या घेऊन. तिची शेगडी पेटली होती आणि ती ढुंकूनही बघत नव्हती. पहिला तांब्या तिनं माझ्या डोक्यावर स्वतः ओतला. म्हणाली, काय अक्का, बाहुलीचा भुसा बरा तापतो ना?

मी म्हटलं, स्वल्प कोमट आहे.

कढत होतं.

१८ नोव्हेंबर
निकाल दिला: गीझर. कुणी विचारलं नव्हतं, तरी जेवताना सगळ्यांसमोर दिला. पुरावा बघूनच दिला. नरसिंह म्हणाला, सरी आई, आणि ताक मागितलं.

दुपारी भांडेवाला हंडा घेऊन गेला. चुन्याच्या रेघा तशाच होत्या. चुलीच्या जागी कावेरी धुण्याची टोपली ठेवणार आहे.

१९ नोव्हेंबर
चारला जाग आली. गीझर लावला. लाल दिवा विझेपर्यंत स्टूल घेऊन समोर बसले. तापत असताना जवळ कुणीतरी हवं.