शीळ घातलेली ओळ

बर्लिन, ४ मार्च १९२८

ती. आईस गेर्डाचा नमस्कार.

खोकला गेला, खोलीही उबदार आहे. बाबांचे गुडघे कसे आहेत?

‘तसल्या बाईची गाणी सोड आणि घरी ये,’ असे तू लिहिलेस. तरी काल मी मिन्ना क्रोलच्या स्मरणार्थ तिचीच गाणी गायले. कैसरच्या काळात पोलिसांनी तिच्या एका गाण्यातली ओळ खोडली, तेव्हा ती त्या जागी रोज शीळ घालायची. केवढी हिंमत! मीही शीळ घातली. एक म्हातारी ओरडली, “जोरात गं पोरी, पोलीस बहिरे असतात!”

त्या गाण्याची तबकडी कधी निघाली नाही. ती शीळ फक्त मिन्नाच्या तळघरातल्या कॅबरेत ऐकायला मिळे. आई, बटाटे सोलताना तू तीच घालतेस.

शनिवारी मी पुन्हा गाणार आहे. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवते. बाबांना मी काही कळवणार नाही.

तुझीच लेक,
गेर्डा